गोड पाण्याचा पेला

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. ग्रंथाच्या आरंभी मंगलाचरण करावं असं आम्हाला पाठशाळेत शिकवलं होतं. हे पत्र मात्र तक्रारीने सुरू होतं आहे, आणि तक्रार गंभीर आहे. बसून वाच, असं लिहिणार होतो. पण तुझ्या त्या आरोग्यताईंना बसलेली माणसं आवडत नाहीत, तेव्हा तूर्त उभ्यानेच वाच.

गेल्या महिन्यात तुमच्याकडे आलो तेव्हा मी जातीने निवडून आणलेला बिस्किटांचा डबा, झाकणावर हंसाचं चित्र असलेला, गेल्या आठवड्यात मला परत मिळाला. छापखान्याच्या गाडीवाल्याने तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "लेकीने दिलाय." उचलून पाहिला तर जड. माझा ऊर भरून आला. झाकण काढलं तर आत भाजलेले हरभरे, आणि वर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी: 'बिस्किटं कारखान्यात वाटून टाकली. ताई म्हणतात, चार वाजता बाबांनाही हेच बरं.' दूध आणि पाणी वेगळं करणारा म्हणून ज्या पक्ष्याची ख्याती, त्याला तुम्ही हरभऱ्यांच्या पहाऱ्यावर बसवलंत. चार दिवस मी तो डबा कुणाला दिसू नये म्हणून मुद्रितांच्या गठ्ठ्यामागे लपवून ठेवला. पाचव्या दिवशी खायला घेतले. वाईट नव्हते. हे ताईंना सांगायची गरज नाही.

दुसरी तक्रार रविवारच्या फोनची. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाला शब्द मोजायची खोड लागते, त्याला मी काय करू? आपण अकरा मिनिटं बोललो. त्यात 'ताई' हा शब्द एकोणीस वेळा आला, 'हे' म्हणजे आमचे जावईबापू नऊ वेळा आले, आणि 'बाबा' तीन वेळा. त्या तिनांतला एक 'बाबा, आता आईला द्या ना फोन' असा होता, तो मी धरत नाही. एके काळी तुझं प्रत्येक वाक्य 'आमचे बाबा म्हणतात' इथून सुरू व्हायचं. चौथीत असताना तू बाईंना वर्गात सांगितलंस, की पुस्तकात चूक आहे, आमचे बाबा म्हणतात. बाईंनी मला बोलावून घेतलं, मी खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि घरी येईपर्यंत गालातल्या गालात हसत होतो. चूक पुस्तकाचीच होती. सांगायचा मुद्दा हा, की वीस वर्षं ज्या गादीवर मी बसलो होतो तिच्यावर आता दुसरं कुणीतरी बसलं आहे, आणि मला साधी सूचनाही मिळालेली नाही.

घरातही मला थारा नाही. तुझी आई फितूर झाली आहे. तू फोनवर ताईंची सूत्रं सांगतेस आणि ही ती पाठ करते. ताट अर्धं भाजीचं, पाव डाळीचं, पाव भाकरीचं. जेवल्यावर दहा मिनिटं पाय मोकळे. दोन जिवांची म्हणून दोघांचं जेवायचं नाही. मी म्हटलं, अगं, दिवस तिला गेलेत, तुला नाहीत. तर म्हणते, "असू द्या, सवय लागलेली बरी." परवापासून तिने माझ्या ताटावरही नखाला लावायच्या रंगाने रेघ ओढली आहे. हा रंग घरात आला कुठून, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. शिवाय हल्ली ती इतकं पाणी पिते, की माठ दिवसातून दोनदा भरावा लागतो, आणि नळावर शेजारीण मला विचारते, "काका, घरात पाहुणे आलेत का?" मी तेही ताईंच्या नावावर मांडून टाकलं. म्हटलं, हेही एखादं सूत्रच असणार.

तुला हसू येत असेल. ये तर येऊ दे. खरं सांगायचं तर तुझ्या ताईंना पाहण्याआधीच मी त्यांच्यावर जळत होतो. चौथ्या महिन्यात तू पहिल्यांदा म्हणालीस, की वस्तीतल्या दवाखान्यातून एक आरोग्यताई येतात, कारखान्यातल्या दिवस गेलेल्या बायकांची एक टोळीच त्यांनी बांधली आहे, आणि तुम्हाला कुणाला गरोदरपणातली साखर होऊ द्यायची नाही, असा त्यांचा हट्ट आहे. मी विचारलं, साखर व्हायला तुम्ही खाता काय? दिवसभर मशीनवर बसणाऱ्या पोरी, डब्यात कालची भाकरी. साखरेचं दुखणं म्हणजे ज्यांच्या घरी गाडी दाराशी येते त्यांचं, अशी माझी समजूत. तू म्हणालीस, "बाबा, ताई म्हणतात, उलट आहे. आम्ही दिवसभर बसतो, पोट भरायला पिठाचंच खातो, आणि कारखाना तीन वेळा फुकट पाजतो तो चहा म्हणजे पाकच असतो." मला पटलं. पटलं म्हणूनच राग आला. माझ्या लेकीला नवं काही समजावून सांगायचं काम माझं होतं.

म्हणून गेल्या महिन्यात मी आलो. तुला भेटायला आलो असं मी सगळ्यांना सांगितलं, त्यात अर्धं सत्य होतं. उरलेल्या अर्ध्यापोटी मला ती बाई पाहायची होती. तू मला जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात बोलावलंस. मी फाटकापाशी उभा राहिलो आणि पाहतो तो काय, गणवेश शिवणाऱ्या पंधरा-सोळा बायका मागच्या अंगणात, कापडाच्या गठ्ठ्यांच्या कडेकडेने, ओळीने फेऱ्या मारताहेत. प्रत्येकीच्या डाव्या खिशात सहा बटणं. एक फेरी झाली, की एक बटण उजव्या खिशात. तू पाचव्या क्रमांकावर होतीस, पोट सांभाळत, मागच्या बाईशी काहीतरी खिदळत. पुढे एक बुटकी बाई, पायात रबरी चपला, खांद्याला पिशवी, हातात काही नाही. ओरडणं नाही, शिट्टी नाही. ती नुसती चालत होती आणि तुम्ही मागून चालत होतात. माझा अंदाज होता, ताई म्हणजे कुणी उंच, चष्म्यातून बघणारी, बोट नाचवणारी बाई असेल. तशी असती तर मला फार सोपं गेलं असतं.

मग तू मला आतलं सगळं दाखवलंस, आणि दाखवताना किती खुलली होतीस. कॉलरचा गठ्ठा पुरा झाला, की तो सरकवून द्यायचा नाही, आपण उठून इस्त्रीच्या टेबलापर्यंत न्यायचा. हे मुकादमाला पटवायला ताईंना दीड महिना लागला. त्यांनी त्याच्याशी वाद घातला नाही, त्याच्याच आईच्या पायाच्या जखमेची चौकशी करत राहिल्या. चहाच्या बाईकडे आता दोन किटल्या, एकीच्या कानाला पांढरी चिंधी बांधलेली, ती बिनसाखरेची. मी हट्टाने दुसऱ्या किटलीतला चहा घेतला. तू माझ्याकडे बघितलंस. इतकं गोड मी आयुष्यात काही प्यायलो नसेन, पण पेला रिकामा केला. आणि तुझ्या मागची ती हसरी बाई म्हणाली, "काका, तुमची पोरगी आधी जागची हलायची नाही हो. ताईंनी चालायला शिकवलं तिला." मी हसलो. मनात मात्र ते वाक्य तांबड्या शाईने खोडलं. तुला चालायला मी शिकवलं आहे. छापखान्याच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कागदांच्या दोन ओळींमधून, रोज संध्याकाळी, माझं एक बोट धरून. एकदा सुटलीस ती थांबेचना, गरागरा फिरत सुटलीस, म्हणून तर भिंगरी. एवढा जुना हक्क एका रबरी चपलेने हिरावून घ्यावा?

संध्याकाळी त्या तुमच्या खोलीवर आल्या. तुला आठवतच असेल. जावईबापू स्टोव्हपाशी भाजी निवडत होते, तू उशीला टेकून पाय लांब केले होतेस, आणि एकुलत्या एका खुर्चीवर मी. ताई खाली सतरंजीवर बसल्या, पिशवीतून तुझं कार्ड काढलं, वजन विचारलं, झोप विचारली. मग म्हणाल्या, घरातलं राहिलंय, आज तुमचे वडील आहेतच तर विचारून घेते. आणि माझ्याकडे वळून साधं विचारलं, "काका, हिच्या आईला साखर आहे? हिच्या आधी काही बाळंतपण? त्या वेळी काही त्रास?"

भिंगरे, त्या क्षणी मी काय केलं ते तुला माहीत आहे. मी खुर्चीत सावरून बसलो आणि म्हणालो, "ताई, आमच्या घराण्यात गोडवा पिढीजात आहे, साखर नाही." जावईबापू मोठ्याने हसले. तू हसलीस. खूप दिवसांनी तू माझ्या एखाद्या वाक्याला तशी हसलीस. ताई हसल्या नाहीत. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, पुन्हा विचारावं की नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मग त्यांनी कार्डावर 'नाही' असं लिहिलं. मला वाटलं, बाजी मारली. त्या बाईला निदान एका वाक्यात मी गप्प केलं.

आणि तेवढ्यावर माझी हौस भागली नाही. त्या गेल्या, आणि जावईबापूंनी तुझ्या ताटात रेघेच्या अलीकडे भाजी, पलीकडे भाकरी असं वाढलं, तुझ्यासाठी वेगळी डाळ घट्ट ठेवली, जेवण झाल्यावर चपला आणून तुझ्यापुढे ठेवल्या. माणूस चांगला आहे. दिवसभर मशिनी दुरुस्त करून हाताला तेलाचा वास, आणि घरी येऊन हे. मी तुझ्या आईसाठी कधी भाजी निवडली नाही. म्हणून मीही कधी काही केलं आहे हे दाखवायला मी ती गोष्ट सांगितली. तू शंभरदा ऐकलेली, जावयाने पहिल्यांदाच. तुझी आई पहिलटकरीण होती, तिला घेऊन मी धर्मादाय दवाखान्यात गेलो, तिथे नवा डॉक्टर आला होता, त्याने सगळ्या बायकांना रांगेत बसवलं आणि प्रत्येकीच्या हातात पेलाभर गोड पाणी दिलं. तुझ्या आईला त्या दिवसांत गोडाचा वासही सहन होत नव्हता. दोन घोट घेतले आणि डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे बघायला लागली. परिचारिका पाठमोरी झाली. मी पेला घेतला आणि अर्ध्याच्या खाली जाईपर्यंत गटागटा प्यायलो, मिशा पुसल्या, आणि तुझ्या आईने उरलेलं कसंबसं संपवलं. दोन तासांनी रक्त घेतलं. डॉक्टर म्हणाला, उत्तम, काही दोष नाही. आणि मी घरभर सांगत सुटलो, की बायकोचं औषध मी प्यालो आणि गुण तिला आला.

जावईबापू पोट धरून हसले. म्हणाले, "सासरेबुवा, हिलाही पुढच्या महिन्यात तसलंच काहीतरी प्यायचंय. हिला आत्ताच मळमळतं. घराण्याची रीत मी पाळतो, निम्मं मी पिईन." तू त्यांच्या पाठीत धपाटा घातलास. मी खूश होऊन परत आलो. गाडीत मला झोपही चांगली लागली.

आता मात्र बस. ताईंची परवानगी मी नंतर घेईन.

रविवारी फोनवर तू सांगत होतीस, गुरुवारी तुझी तपासणी. सहावा महिना लागला, ताई स्वतः घेऊन जाणार. मी नेहमीप्रमाणे मनात 'ताई' मोजत होतो. चौदावा होता. तू म्हणालीस, ताई सगळ्याजणींना बजावून गेल्या आहेत, की ते गोड पाणी म्हणजे औषध नाही, तीच तपासणी आहे. ठरावीक साखर पोटात गेली, की दोन तासांत शरीर तिचं काय करतं, हे त्यात बघतात. थेंब टाकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. अर्धं प्यायलं तर दुखणं असूनही कागदावर सगळं चांगलं येतं आणि मग कुणी लक्षच देत नाही. तू भरभर बोलत होतीस आणि पुढे मुकादमाची नक्कल सुरू केलीस. तुझ्या ध्यानात काही आलं नाही. गोष्ट तू इतक्या वेळा ऐकली आहेस, की ती तुला नुसती गोष्ट झाली आहे. पंधरापासून एकोणीसपर्यंत मी मोजत राहिलो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

त्या गोष्टीचा शेवट मी कधी सांगितला नाही. शेवट तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. तुझ्या आधीचा एक होता आणि तो राहिला नाही, एवढं. आपल्या घरात त्याला 'आधीचा' म्हणतात, नाव ठेवायची वेळच आली नव्हती. पण तो आधीचा आणि तो पेला या दोन गोष्टी आपल्या घरात कधी एका दिवशी बोलल्या गेल्या नाहीत. डॉक्टरने उत्तम म्हटल्यावर मी तुझ्या आईचे लाड केले. तिची मळमळ गेली, तशी संध्याकाळी घरी येताना रोज काहीतरी गोड. दोन जिवांची बाई, खा. उठू नकोस, पाणी मी भरतो, बस. तिला खूप तहान लागायची. मी म्हणायचो, बाळाला लागली असेल. पोट वेळेच्या मानाने मोठं दिसायचं आणि शेजारच्या बाया म्हणायच्या, पहिलवान आहे आत. मला अभिमान वाटायचा. बाळंतपण दीड दिवस चाललं. डोकं बाहेर आलं आणि खांदे अडकले. सुईणीने त्याला माझ्यापुढे आणलं तेव्हा तो निळा होता, पण केवढा, भिंगरे. पावणेपाच किलो. आणि मी तुला आज हेही सांगतो, की समजायच्या आधीच्या एका क्षणात मी खूश झालो होतो. वाटलं, केवढं थोरलं बाळ झालं आपल्याला.

तू झालीस त्या वर्षी छापखाना बंद होता. सात महिने. तुझी आई गठ्ठे पोचवायचं काम घेऊन दिवसातून चार-चार मैल चालायची, घरात जाडंभरडं पीठ, पालेभाज्या आणि डाळ, गोड म्हणून काही नाही. तू अडीच किलोची, हाडकुळी, आणि जगाला जाग येईल अशी रडलीस. त्या वर्षाची मला अजून लाज वाटते. चोवीस वर्षं मी मनात म्हणत आलो, की आधीच्याला सगळं दिलं आणि हिला काही देता आलं नाही. आता तुझ्या ताईंची सूत्रं ऐकतो तेव्हा दिसतं, की त्या वर्षी तुझ्या आईने नकळत त्यातली बहुतेक पाळली. त्यानेच तू वाचलीस असं मी म्हणणार नाही, तो अधिकार माझा नाही, तो ताईंना विचार. पण माझ्या लाडांनी जे बिघडलं ते त्या तंगीने बिघडवलं नाही, एवढं गणित मलाही मांडता येतं. त्यासाठी कुणी उपाशी राहावं असा अर्थ यातून काढू नकोस. तुझ्या खिशातली सहा बटणं आणि बिनसाखरेची ती किटली त्यापेक्षा कितीतरी बरी.

रविवारपासून मी तुला तीनदा फोन लावला. एकदा हवेबद्दल बोललो, एकदा हरभऱ्यांबद्दल, एकदा तू कामात होतीस म्हणून सुटलो. काल दुपारी शेवटी तुझ्या आईला सांगितलं. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं, पेला, ताईंचा प्रश्न, माझं ते गोडव्याचं वाक्य, कार्डावरचं 'नाही', जावईबापूंनी निम्मं प्यायचा केलेला पण. तिने उरलेल्या चार घड्या पुऱ्या केल्या. मला वाटलं, आता ती रडेल किंवा मला बोलेल, आणि दोन्हीची माझी तयारी होती. ती म्हणाली, "पेला मीच दिला होता ना तुमच्या हातात." मग घड्या उचलताना म्हणाली, "पत्र लिहा. फोनवर तुम्ही गंमत करत बसाल." सत्तावीस वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल इतकं नेमकं कुणी काही बोललं नव्हतं. मला एकदम दिसलं, की पाणी पिण्याचं तिचं हे वेड तेव्हासारखंच आहे. आज सकाळी तिला दवाखान्यात नेऊन रक्त तपासून आणलं. साखर आहे. बरीच आहे, आणि बरीच वर्षं असावी असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळ्या सुरू केल्यात. ती घाबरलेली नाही. घरी येऊन तिने आधी ताटांवरच्या रेघा पुन्हा ठळक केल्या.

तेव्हा हे पत्र मी कशासाठी लिहितो आहे ते आता सरळ लिहितो. उद्या सकाळी गाडीवाला निघेल, दुपारपर्यंत हे तुझ्या हातात देईल, दुसऱ्या कुणाच्या नाही. वाचून झालं, की पहिल्यांदा ताईंकडे जा आणि कार्डावर मी लिहायला लावलेला तो 'नाही' खोडायला सांग. लिहून घ्या म्हणावं: आईला साखर आहे. आधीचं मूल पावणेपाच किलोचं, जन्मतानाच गेलं. त्या वेळची तपासणी खोटी, ती बापाने खोटी केली. जावईबापूंना हे पत्र वाचायला दे, पूर्ण, त्यांना हसवलेल्या भागासकट. गुरुवारी तो पेला तू एकटीने संपवायचा, मळमळलं तरी; उलटी झाली तर लगेच सांगायचं आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी, पण कुणाच्या हातात द्यायचा नाही. त्या दोन तासांत चालायचं नसतं म्हणे, बसून राहायचं असतं. तेव्हा मी तुझ्या आईला घेऊन येतो आहे आणि तुझ्या शेजारी बसणार आहे, हात मांडीखाली घालून. त्या बाईंवर मी अजून जळतो, ते इतक्यात जाणार नाही. तू त्यांच्या मागून चालतेस आणि तसंच चालत राहा. पण मला झोप येत नाही ती त्यांच्यामुळे नाही. मला भीती वाटते, की माझं प्रेम पुन्हा एकदा कुणाच्या तरी पेल्यातलं अर्धं पिऊन टाकेल, आणि या वेळी तो पेला तुझा असेल.

तुझाच, आणि गुरुवारपासून त्या ओळीत अगदी शेवटी, सहा बटणं घेऊन,
बाबा